स्टोरेज अ‍ॅरेचं फर्मवेअर: विदर्भातल्या तालुक्यांतून वारंवार येणारे प्रश्न

यवतमाळ, वाशीम, गडचिरोली या पट्ट्यातल्या पतसंस्था, सहकारी बँका, दवाखाने, कॉलेजं आणि जिनिंग-प्रेसिंगवाले यांचे स्टोरेज बॉक्स (म्हणजेच स्टोरेज अ‍ॅरे, अनेक डिस्क एकत्र ठेवून सर्व्हरना जागा देणारी यंत्रं) मी सांभाळतो. फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तेच ते प्रश्न येतात, आणि बरेचदा रात्रीच येतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. शहरातल्या डेटा सेंटरमध्ये बसून लिहिलेले सल्ले आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. तिथे स्पेअर डिस्क दोन-चार तासांत हातात येते. आपल्याकडे ती नागपूरहून निघते, एसटीने किंवा कुरिअरने येते, आणि पावसाळ्यात रस्त्यातच अडकते. स्पेअर जितका लांब, तितकं फर्मवेअर वेळेवर ठेवणं जास्त गरजेचं. खालची सगळी उत्तरं याच हिशोबाने दिली आहेत.

१. फर्मवेअर म्हणजे नेमकं काय? आमच्या बॉक्सवर तर विंडोज नाही.

बॉक्सच्या आत कायमचं बसवलेलं सॉफ्टवेअर म्हणजे फर्मवेअर. ते एका जागी नसतं, हे आधी लक्षात घ्या. बॉक्स चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये (हे बहुधा दोन असतात) ते असतं, प्रत्येक डिस्कमध्ये स्वतंत्र असतं, डिस्क बसवलेल्या शेल्फच्या मागच्या मॉड्यूलमध्ये असतं, कधी पॉवर सप्लायमध्येही असतं. चोवीस डिस्कच्या बॉक्समध्ये चोवीस छोटे प्रोसेसर आपापला प्रोग्राम चालवत असतात. बॉक्सच्या बाहेर सर्व्हरचं एचबीए कार्ड (सर्व्हरला स्टोरेजशी जोडणारं) आणि फायबर चॅनेल स्विच (मधली जोडणी करणारं उपकरण) यांचं फर्मवेअर आणखी वेगळं.

म्हणून कोणी "आपला स्टोरेज अपडेट झाला" असं सांगितलं, तर "काय काय अपडेट झालं?" हे विचारा. बहुतेक वेळा फक्त कंट्रोलर झालेला असतो आणि डिस्कवर फॅक्टरीतून आलेली आवृत्तीच असते.

२. सगळं तर नीट चालू आहे भाऊ. मग काहून हात लावायचा?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई कंपनीने ग्राहकांना एक तातडीची सूचना पाठवली. त्यांच्या काही सॅस एसएसडी (सर्व्हरसाठीच्या, चिपवर डेटा ठेवणाऱ्या) डिस्क ३२,७६८ तास चालल्या की कायमच्या बंद पडत होत्या. ३२,७६८ तास म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. आकड्यावरून वाटतं की डिस्क किती तास चालली हे मोजणारा आकडा १६ बिटांच्या जागेत ठेवला असावा, आणि त्यातलं एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी जात असावं. उरलेल्या पंधरा बिटांत ३२,७६७ पर्यंतच मोजता येतं. पुढचा एक तास झाला की आकडा उणेमध्ये जाणार आणि डिस्कचा प्रोग्राम कोलमडणार. डिस्क गेली की तिच्यावरचा डेटाही परत मिळत नव्हता. उपाय एकच होता, तो क्षण येण्याआधी एचपीडी८ ही फर्मवेअर आवृत्ती टाकणं. मार्च २०२० मध्ये त्याच कंपनीने दुसरी सूचना काढली. या वेळी काही वेगळ्या मॉडेलच्या डिस्क ४०,००० तासांना, म्हणजे ४ वर्षं, २०६ दिवस, १६ तासांना बंद पडत होत्या. ही चूक डिस्क बनवणाऱ्या मूळ कंपनीकडून आली होती, त्यामुळे डेलच्या काही डिस्कनाही तीच सूचना लागू झाली.

आता आपल्या बॉक्सकडे पाहा. डिस्क एकाच दिवशी विकत घेतल्या, एकाच दिवशी बसवल्या, एकाच दिवशी चालू केल्या. सगळ्यांचे तास सारखे. अशी चूक फर्मवेअरमध्ये असेल तर एक डिस्क जाऊन बाकीच्या वाचणार नाहीत, सगळ्या थोड्याथोडक्या अंतराने एकाच रात्री जातील. रेड म्हणजे एखादी डिस्क गेली तरी डेटा टिकावा म्हणून तो अनेक डिस्कवर वाटून ठेवायची पद्धत. रेड ५ एक डिस्क गेलेली सोसतं, रेड ६ दोन सोसतं. आठ डिस्क एकदम गेल्या तर कुठलंच रेड उपयोगी पडत नाही, आणि हॉट स्पेअर (बदलीसाठी बॉक्समध्येच तयार ठेवलेली डिस्क) हीसुद्धा त्याच खेपेतली असते.

"चालू आहे" हा आजचा निकाल झाला. डिस्कच्या आत तास मोजणं चालूच आहे.

३. आमच्या डिस्कचे तास आणि आवृत्ती कुठे दिसते?

मॅनेजमेंट स्क्रीनवर डिस्कच्या यादीत मॉडेल आणि फर्मवेअर आवृत्ती बहुतेक सगळ्या बॉक्समध्ये दिसते. तास काही बॉक्समध्ये तिथेच दिसतात, काहींमध्ये सपोर्टसाठी लॉगची जी फाइल काढतो तिच्यात सापडतात. कुठेच नाही मिळाले तर बसवल्याच्या तारखेवरून काढा. वर्षाचे ८,७६० तास. अंदाज थोडा चुकला तरी कामाला येतो.

मी एक करतो. प्रत्येक ठिकाणी रॅकच्या दाराला आतून एक कागद चिकटवतो. त्यावर बॉक्सचा अनुक्रमांक, कंट्रोलरची आवृत्ती, डिस्कचं मॉडेल आणि आवृत्ती, चालू केल्याची तारीख, आणि शेवटचं अपडेट कोणी केलं त्याचं नाव असतं. रात्री दीड वाजता फोनवर कोणी विचारलं तर टॉर्च धरून वाचून दाखवता येतं. संगणकातली एक्सेल फाइल त्या वेळी उघडत नाही, कारण ती त्याच स्टोरेजवर असते.

४. सगळ्यात नवीन आवृत्ती घ्यायची की थोडी जुनी?

कंपनी जिला "शिफारस केलेली" म्हणते ती घ्या. ती बहुधा सगळ्यात नवीन नसते. आठ दिवसांपूर्वी आलेली आवृत्ती आपल्या बँकेवर पहिल्यांदा चालवून बघण्याचं काही कारण नाही. दोन-तीन महिने थांबा.

अपवाद एकच, पण मोठा. रिलीज नोट्समध्ये (नव्या आवृत्तीसोबत येणाऱ्या माहितीपत्रकात) डेटा नष्ट होणं, डेटा चुकीचा लिहिला जाणं किंवा दोन्ही कंट्रोलर एकदम रिबूट होणं यांतल्या कुठल्याही चुकीची दुरुस्ती लिहिली असेल आणि आपलं मॉडेल त्या यादीत असेल, तर वाट पाहू नका. पुढच्या शनिवारी रात्री करून टाका.

रिलीज नोट्स लांब असतात आणि इंग्रजीत असतात, त्यामुळे बरेच जण त्या उघडतच नाहीत. सगळं वाचायची गरज नाही. "दुरुस्त केलेल्या चुका" आणि "माहीत असलेल्या, अजून न सुटलेल्या चुका" हे दोन भाग मात्र ओळ न ओळ वाचा. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा, कारण नव्या आवृत्तीसोबत आपण काय घरात आणतो आहोत ते तिथेच कळतं.

५. अपडेटसाठी सगळं बंद ठेवावं लागतं का?

दोन कंट्रोलरच्या बॉक्समध्ये सहसा नाही. आधी एक कंट्रोलर आपलं काम दुसऱ्याकडे देतो, नवी आवृत्ती घेतो, रिबूट होतो आणि परत येतो. मग दुसऱ्याची पाळी. बैलजोडीतला एक बैल सोडला तर दुसऱ्याने गाडी ओढत राहायची, तसं.

पण त्या वेळात सगळा भार एकावर असतो. शिवाय एरवी दोन्ही कंट्रोलर एकमेकांच्या कॅशेची (डिस्कवर जाण्याआधी डेटा थांबतो त्या वेगवान मेमरीची) प्रत ठेवतात. जोडीदार नसताना प्रत ठेवायला जागा नाही, म्हणून बरेच बॉक्स कॅशेत लिहून पुढे जायचं थांबवतात आणि थेट डिस्कवर लिहितात. लिहिणं हळू होतं. दिवसा एखाद्या बॉक्सवर साठ-सत्तर टक्के भार असेल तर अपडेट चालू असताना काउंटरवरचे लोक "सिस्टीम अटकली" म्हणून फोन करतात. बॉक्स बंद पडलेला नसतो, एका कंट्रोलरवर सगळं ओढत असतो. म्हणून "बंद करावं लागत नाही" याचा अर्थ "कधीही करा" असा घेऊ नका. वेळ कशी निवडायची ते प्रश्न ९ मध्ये आहे. एकच कंट्रोलर असेल तर प्रश्न १६ पाहा.

६. दोन कंट्रोलर होते, तरी अपडेटच्या वेळी सर्व्हर पडला. असं कसं?

हे माझ्या हातून एकदा झालं आहे, म्हणून कसं झालं ते सांगतो.

तालुक्याचं गाव, रात्री साडेअकराची वेळ. दोन्ही कंट्रोलरचे दिवे हिरवे. सर्व्हरवर पाहिलं तर स्टोरेजकडे जाणारे दोन पाथ चालू. मी दोन मोजले आणि समाधान मानलं. अपडेट सुरू केलं, पहिला कंट्रोलर रिबूटला गेला, आणि त्याच क्षणी डेटाबेसचा सर्व्हर बोंबलला. फाइल सिस्टीम फक्त वाचण्यापुरती उरली. मागे जाऊन टॉर्च मारला तेव्हा दिसलं की सर्व्हरच्या दोन्ही नारिंगी फायबर केबली कंट्रोलर ए च्याच दोन पोर्टमध्ये बसवल्या होत्या. कंट्रोलर बी ला तो सर्व्हर ओळखतच नव्हता. कधीतरी एक पोर्ट खराब झाला असावा आणि कोणीतरी केबल शेजारच्या मोकळ्या पोर्टमध्ये खोचली असावी. डेटाबेस पूर्ववत यायला पहाटेचे चार वाजले. डेटा गेला नाही, पण पाथ मोजण्याआधी ते कुठे जातात हे मी पाहायला हवं होतं.

तेव्हापासून पद्धत ठरली आहे. प्रत्येक सर्व्हरवरच्या प्रत्येक लनचे (स्टोरेजमधून सर्व्हरला दिलेल्या तुकड्याचे) पाथ बघायचे आणि त्यातला किमान एक ए कडे, एक बी कडे जातो याची खात्री करायची. स्क्रीनवर दिसलं तरी केबल हाताने धरून टोकापर्यंत जायचं. मल्टिपाथ सॉफ्टवेअर (एक पाथ गेला तर काम दुसऱ्यावर नेणारं) खरंच बसवलेलं आणि चालू आहे का, तेही बघायचं. नवीन सर्व्हर घाईत जोडताना ते राहून जातं.

दुसरी गोष्ट. पहिला कंट्रोलर परत आला म्हणजे सर्व्हरवरचे पाथही लगेच परत आले असं नाही. ते यायला काही मिनिटं लागतात, आणि एखाद्या सर्व्हरवर येतही नाहीत. सगळे पाथ परत आल्याचं सर्व्हरच्या बाजूने पाहिल्याशिवाय दुसऱ्या कंट्रोलरला हात लावायचा नाही. आयबीएमच्या स्टोअरवाइझ मालिकेत तर निम्मे कंट्रोलर झाल्यावर अपडेट स्वतःच साधारण ३० मिनिटं मुद्दाम थांबतं, ते याच कारणासाठी. अडकलं आहे असं समजून कोणी त्याला मध्येच छेडू नये.

७. डिस्कचं फर्मवेअर कंट्रोलरसोबतच होतं का?

काही बॉक्समध्ये कंट्रोलरच्या पॅकेजमध्येच डिस्कचंही येतं आणि मागाहून आपोआप एकेक डिस्क अपडेट होते. काहींमध्ये वेगळी फाइल लागते. छोट्या आणि जुन्या बॉक्समध्ये डिस्क अपडेट करायला सर्व्हरकडून येणारं सगळं वाचन-लेखन थांबवावं लागतं, म्हणजे प्रत्यक्षात सर्व्हर बंदच. आपला बॉक्स कोणत्या प्रकारचा आहे हे आधी सूचनापत्रकात पाहा, कारण त्यावर किती तासांची परवानगी मागायची ते ठरतं.

डिस्कची फाइल वेगळी असेल तर कंट्रोलर आणि डिस्क एकाच रात्री करू नका. काही बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळत नाही. दोघांमध्ये एक आठवडा जाऊ द्या. प्रश्न २ मधल्यासारखी तातडी असेल तर आधी डिस्क.

८. एक डिस्क लाल आहे. आधी ती बदलू की आधी अपडेट करू?

आधी डिस्क बदला आणि रीबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा परत उभा करणं) पूर्ण होऊ द्या. यात तडजोड नाही.

डिस्कचं फर्मवेअर अपडेट होताना ती डिस्क काही वेळ उत्तर देत नाही. रेड ५ मध्ये एक डिस्क आधीच गेलेली असताना दुसरी गप्प बसली तर त्या ग्रुपवरचा सगळा डेटा दिसेनासा होतो. मोठ्या सॅटा किंवा निअरलाइन सॅस डिस्कचं रीबिल्ड एका दिवसाहून जास्त चालू शकतं, तेव्हा ठरलेली अपडेटची रात्र सरळ पुढच्या आठवड्यावर ढकला. साहेबांना सांगणं जड जातं, पण सांगा.

कॅशेची बॅटरी खराब असेल, पॉवर सप्लायपैकी एक बंद असेल, तरी हेच.

९. वर्षातली कोणती वेळ चांगली?

आपल्याकडचं कॅलेंडर वेगळं आहे. मार्च अखेर कोणीच हात लावत नाही, ते बरोबर. पण एप्रिल ते जून खरीप पीककर्जाचं वाटप असतं, तेव्हा बँकेत सकाळपासून रांग असते आणि रात्री उशिरापर्यंत नोंदी चालतात. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की जिनिंगचं वजनकाट्याचं आणि बिलांचं काम फेब्रुवारीपर्यंत थांबत नाही.

मला सगळ्यात सोयीचा वाटतो तो पोळा. विदर्भात त्या दिवशी कामकाज तसंही थंड असतं, आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा म्हणजे आणखी एक सैल दिवस हाताशी. गडबड झाली तर निस्तरायला वेळ मिळतो. फक्त पोळ्याला पाऊस असतो, तेव्हा लाइटचा बंदोबस्त आधी करा (प्रश्न १०). दुसरी चांगली वेळ म्हणजे मार्च अखेरचं सगळं आटोपल्यावर येणारा पहिला-दुसरा शनिवार, कर्जवाटपाने जोर धरायच्या आत.

दवाखान्यांना असं कॅलेंडर नसतं. त्यांनी पहाटे दोन ते पाच धरावं, आणि कॅज्युअल्टीत त्या वेळेपुरते कागदी केसपेपर आधीच छापून ठेवावेत.

१०. अपडेट चालू असताना लाइट गेली तर?

यूपीएस नीट असेल तर काही होत नाही. नीट नसेल तर कंट्रोलरमध्ये अर्धवट लिहिलेलं फर्मवेअर उरू शकतं. बहुतेक मोठ्या बॉक्समध्ये जुन्या आवृत्तीची प्रत दुसऱ्या जागी राखलेली असते आणि कंट्रोलर तिच्यावरून उठतो. डिस्कच्या बाबतीत तेवढा भरवसा धरू नका.

अपडेटच्या आधी हे करा. यूपीएसची बॅटरी खरोखर किती वेळ टिकते ते मेन्स बंद करून मोजा, पॅनेलवरच्या आकड्यावर जाऊ नका. आपल्या उन्हाळ्यात बॅटऱ्या लवकर म्हाताऱ्या होतात. बॉक्सचे दोन्ही पॉवर सप्लाय एकाच एक्स्टेन्शन बोर्डमध्ये लावलेले असतात, ते वेगवेगळ्या यूपीएसवर न्या. तालुक्याच्या गावी पूर्ण लाइट जाण्यापेक्षा एक फेज जाण्याचा प्रकार जास्त होतो, आणि दोन्ही यूपीएस त्याच फेजवर असतील तर दोन असून उपयोग नाही. जनरेटरमध्ये डिझेल आहे का ते स्वतः झाकण उघडून पाहा.

मेच्या शेवटापासून मृग लागेपर्यंत संध्याकाळी वादळं येतात. त्या दिवसांत संध्याकाळी सुरुवात करू नका.

११. मे महिन्यात सर्व्हर रूम तापते. अपडेट करू का?

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा, अकोला या भागात मेमध्ये पारा ४५ अंशांच्या वर जातो. उपकरणांच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंश असावी अशी वातानुकूलनाचे निकष ठरवणाऱ्या अ‍ॅशरे या संस्थेची शिफारस आहे. एसी चालू असेल आणि खोली या मर्यादेत असेल तर महिन्याचा प्रश्न नाही. कंट्रोलर रिबूट होताना पंखे पूर्ण वेगाने घोंघावतात, त्याला घाबरू नका. तापमान वाचणारा प्रोग्राम उठेपर्यंत पंखे जोरातच फिरतात.

एसी बंद पडला म्हणून खोलीत पाण्याचा कूलर मात्र लावू नका. असं मी तीन ठिकाणी पाहिलं आहे. कूलरची ओली हवा आणि तिच्यासोबत येणारे क्षार बॉक्सच्या आत बसतात. गंज आधी कनेक्टरवर दिसतो. एसी दुरुस्त होईपर्यंत दार उघडून पेडेस्टल पंखा लावा, नको असलेले सर्व्हर बंद करा आणि अपडेट पुढे ढकला.

१२. नेट हळू आहे. फाइल कशी आणायची?

कंट्रोलरची फाइल एक-दोन जीबीपासून कितीही मोठी असू शकते. नागपूर किंवा अमरावतीला कोणी जात असेल तर तिथून डाउनलोड करून पेनड्राइव्हवर आणा. आणल्यावर कंपनीच्या साइटवर दिलेला एसएचए-२५६ चेकसम (फाइल जशीच्या तशी आली का हे पडताळायचा आकडा) आपल्या फाइलशी ताडून पाहा. मध्येच तुटलेल्या डाउनलोडची फाइल दिसायला पूर्ण असते. बरेच बॉक्स खराब फाइल स्वतःच नाकारतात, पण ते रात्री बारा वाजता कळण्यात काय हशील?

फाइल फक्त कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच. टेलिग्रामवर कोणी दिलेली, "सेम मॉडेल आहे" म्हणून मित्राने पाठवलेली, नको.

कंपनीचा इंजिनिअर दूरून जोडून करणार असेल तर दोन वेगवेगळ्या सिमचे हॉटस्पॉट तयार ठेवा. काम झालं की ती जोडणी बंद करा. मॅनेजमेंट पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवून आठवडे काढलेली ठिकाणं माझ्या पाहण्यात आहेत, आणि त्याची मला खरोखर भीती वाटते.

१३. आमची आवृत्ती फार जुनी आहे. एकदम शेवटचीवर जाता येईल?

बहुतेकदा नाही, मधल्या पायऱ्या घ्याव्या लागतात. प्रत्येक पायरीला वेगळी फाइल आणि वेगळा रिबूट. तीन पायऱ्या असतील तर एका रात्रीत एकच करा आणि मधल्या दिवसांत लॉग बघत राहा. प्रत्येक पायरीला सर्व्हरचं ऑपरेटिंग सिस्टीम, एचबीए ड्रायव्हर आणि स्विचचं फर्मवेअर जुळतं का, ते कंपनीच्या सुसंगतता तक्त्यात पाहा. जुन्या सर्व्हरवर हेच आडवं येतं. स्टोरेज नवीन होतो आणि दहा वर्षांचा सर्व्हर त्याला ओळखेनासा होतो.

१४. नवीन आवृत्ती त्रास देते. मागे जाता येतं का?

जाता येईल असं गृहीत धरू नका. नवी आवृत्ती डिस्कवरच्या व्यवस्थेच्या नोंदी नव्या पद्धतीने लिहिते आणि जुनीला त्या वाचता येत नाहीत. बऱ्याच कंपन्या मागे जाऊच देत नाहीत, किंवा सपोर्टच्या देखरेखीखालीच देतात. परतीची वाट म्हणजे बॅकअप. तो त्याच बॉक्सवरच्या दुसऱ्या लनवर नको. टेपवर किंवा वेगळ्या यंत्रावर हवा, आणि त्यातली एक फाइल प्रत्यक्ष परत काढून पाहिलेली हवी. कुठला लन कुठल्या सर्व्हरला दिला आहे, ती मांडणीही वेगळी उतरवून ठेवा.

१५. एका दिवसात तीन डिस्क लाल झाल्या. हा बग की गरमी?

घाईने डिस्क ओढून काढू नका, आधी तीन गोष्टी लिहून काढा. कोणत्या स्लॉटच्या, कोणत्या मॉडेल-आवृत्तीच्या, किती तास चाललेल्या.

तिन्ही एकाच मॉडेलच्या, एकाच आवृत्तीच्या आणि तासांचा आकडा जवळपास सारखा असेल, तर फर्मवेअरवर संशय घ्या आणि बाकीच्या डिस्कही त्याच वाटेवर आहेत असं समजून तातडीने बॅकअप सुरू करा. शेजारशेजारच्या स्लॉटमधल्या किंवा एकाच शेल्फच्या असतील तर शेल्फचं मॉड्यूल, केबल किंवा बॅकप्लेन (सगळ्या डिस्क ज्याला जोडल्या जातात तो बोर्ड) पाहा. अशा वेळी डिस्क चांगल्या असतात आणि लोक उगाच तीन डिस्क विकत घेतात. वेगवेगळ्या वयाच्या, विखुरलेल्या आणि तापमानाच्या सूचना आधीपासून येत असतील, तर गरमी किंवा धूळ. जिनिंगच्या आवारात तर कापसाचा बारीक तंतू पुढच्या जाळीवर चादरीसारखा बसतो.

कंट्रोलरच रिबूट झाला असेल तर तो किती दिवस अखंड चालू होता ते पाहा. सेकंदाचा शंभरावा भाग मोजणारा ३२ बिटांचा आकडा सुमारे ४९७ दिवसांनी भरतो आणि शून्यावर येतो. असा आकडा नीट न हाताळणाऱ्या उपकरणांमध्ये ४९७ दिवसांचे बग अनेकदा सापडले आहेत. दोन्ही कंट्रोलर एकाच दिवशी चालू केलेले असतील तर दोघांचाही दिवस एकच. माझ्याकडे वर्षभरापेक्षा जास्त अखंड चाललेला कंट्रोलर दिसला की मी रिलीज नोट्समध्ये हा आकडा शोधतो.

१६. आमचा बॉक्स एकाच कंट्रोलरचा आहे.

मग अपडेट म्हणजे बंद. आधी अ‍ॅप्लिकेशन, मग डेटाबेस, मग सर्व्हर, शेवटी स्टोरेज. चालू करताना उलट क्रम, आणि स्टोरेज पूर्ण उठून डिस्क मोजून झाल्यावरच सर्व्हर. कंपनी २० मिनिटं लिहीत असेल तर तीन तास मागून घ्या.

१७. एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) संपली आहे. जुन्या बाजारातून डिस्क आणून चालेल का?

एएमसी नसेल तर बहुतेक कंपन्या कंट्रोलरचं फर्मवेअर डाउनलोड करू देत नाहीत. डेटा नष्ट होण्याच्या चुकीवरची दुरुस्ती काही कंपन्या सगळ्यांना खुली ठेवतात, म्हणून अनुक्रमांक घेऊन एकदा विचारून पाहा. संकोच करू नका.

वापरलेल्या डिस्कबद्दल सावध राहा. बाहेरून तेच मॉडेल दिसलं तरी प्रत्येक स्टोरेज कंपनी स्वतःचं फर्मवेअर टाकून घेते. काहींच्या डिस्कवर सेक्टर ५१२ ऐवजी ५२० बाइटचा असतो आणि दुसऱ्या कंपनीचा बॉक्स ती डिस्क स्वीकारत नाही. एका कंपनीची डिस्क दुसऱ्या कंपनीच्या फर्मवेअरने "दुरुस्त" करून देणारे भेटतात. बँकेच्या किंवा दवाखान्याच्या डेटासाठी तसं करू नका. आणि वापरलेल्या डिस्कचे तास पाहूनच घ्या, कारण प्रश्न २ मधला आकडा तिने अर्धा कापून आणलेला असू शकतो.

१८. ऑडिटवाले फर्मवेअरचं विचारतात. काय दाखवायचं?

नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट काढली, त्यात पॅच व्यवस्थापन (सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या वेळेवर टाकणं) येतं. स्टोरेजचं फर्मवेअर त्यातून वगळलेलं नाही. प्रत्येक अपडेटची परवानगी, आधीची-नंतरची आवृत्ती, आणि अपडेट केलं नसेल तर का नाही याची एक ओळ, एवढं ठेवा. न करण्याचं कारण लिहिलेलं असेल तर ऑडिटर समजून घेतो.

घड्याळही पाहा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रांची वेळ एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळलेली हवी आणि लॉग १८० दिवस राखायचे आहेत. कंट्रोलर बदलला किंवा अपडेट झाला की त्याची वेळ कधीकधी मागे पडते. मग स्टोरेजचा लॉग आणि सर्व्हरचा लॉग जुळत नाही आणि बिघाड शोधायला दुप्पट वेळ लागतो.

१९. अपडेट ६० टक्क्यांवर अडकलंय. रिबूट करू?

नको. हात बाजूला. स्क्रीनवरचा टक्का बरेचदा बसून राहतो आणि आत काम चालू असतं. आधी सूचनापत्रकात त्या टप्प्याला किती वेळ लागतो ते पाहा, तितकाच वेळ आणखी थांबा, मग सपोर्टला कॉल लावा. तोवर सर्व्हर चालू आहेत का आणि दुसरा कंट्रोलर हिरवा आहे का, एवढंच पाहत राहा. चालत असलेला कंट्रोलर ओढून काढणं ही या वेळी होऊ शकणारी सगळ्यात मोठी चूक.

कॉल लावताना अनुक्रमांक, सुरुवातीची आणि नवी आवृत्ती, अडकल्याची वेळ आणि "डेटा चालू आहे की बंद" हे पहिल्या वाक्यात सांगा. बंद असेल तर बंदच म्हणा, "थोडा प्रॉब्लेम आहे" म्हणू नका. त्या एका शब्दावर तुमचा कॉल कुठल्या रांगेत जातो ते ठरतं.

२०. पावसाळ्यात आमचा रस्ताच बंद होतो. कपाटात स्पेअर डिस्क ठेवावी का?

ठेवावीच. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, तेव्हा कोणतीही एएमसी तिथे डिस्क पोचवू शकत नाही. मेच्या आत दोन डिस्क आणि जमलं तर एक पॉवर सप्लाय कपाटात असू द्या.

कपाटातल्या डिस्कचे तास वाढत नाहीत, हा तिचा फायदा. पण तिचं फर्मवेअरही जुनंच राहतं. बॉक्समधल्या सगळ्या डिस्क अपडेट केल्या आणि कपाटातली विसरली, तर दोन वर्षांनी ती बसवताना जुनी चूक पुन्हा आत येते. काही बॉक्स नवीन डिस्क घातल्यावर स्वतःच तिला अपडेट करतात, काही करत नाहीत. म्हणून डिस्क अपडेटच्या रात्री स्पेअरही एकेक करून मोकळ्या स्लॉटमध्ये घाला, अपडेट करा, कोणत्याही ग्रुपमध्ये न घेता काढा आणि पाकिटावर स्केचपेनने आवृत्ती व तारीख लिहून परत कपाटात ठेवा. मोकळा स्लॉट नसेल तर बदलीच्या वेळी रीबिल्ड पूर्ण झाल्यावर त्या एका डिस्कचं अपडेट करायचं, असं रॅकच्या दारावरच्या कागदावर लिहा.